मुका खांब

गेल्या मे महिन्यात घराच्याच पायरीवरून घसरलो आणि डावा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. पहिले आठ दिवस टीव्हीवर काढले. नवव्या दिवशी रद्दीत द्यायच्या गठ्ठ्यात मुलीचं एक पुस्तक दिसलं. नवशिक्यांसाठी क्रोशाकाम, इंग्लंडमध्ये छापलेलं. तिनं ते कधीतरी जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून उचललं होतं आणि एकदाही उघडलं नव्हतं. सुरुवातीची, टाके शिकवणारी पानं गायब होती. उरलेल्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, कपाखाली ठेवायची चकती एका दुपारी होते.

माझ्या अकरा दुपारी गेल्या.

लोकर आणायला बायकोला पाठवलं. मे महिन्यात सोलापुरात लोकर मागितली म्हणून दुकानदारानं दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे. डाग दिसायला नकोत म्हणून मी काळी सांगितली होती, हा आणखी एक शहाणपणा. काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, सुई कुठं घालायची ते बोटांनी चाचपावं लागतं. त्यात पारा चाळिशीपार, तळवे घामेजलेले, लोकरीचे तंतू बोटांना चिकटलेले. दोन दिवसांनी मुकाट्यानं जाडसर पांढरा सुती दोरा आणि साडेतीन मिलिमीटरची सुई मागवली. वडिलांची उमर इथल्या गिरणीत सुताबरोबर गेली, आणि त्यांचा मुलगा या गावात बसून लोकर विणत होता!

साखळी जमली, पण इतकी घट्ट की पुढच्या ओळीला सुई आतच शिरेना. हात सैल सोडा, असं सगळे सांगतात. तो सुटत नाही. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे साखळी चार मिलिमीटरच्या सुईनं घालायची आणि मग साडेतीनवर यायचं.

आता चकती. पुस्तक म्हणत होतं, कडीत सहा ‘डबल क्रोशे’ घाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. मग 18, मग 24, दर फेरीला सहा वाढवत जा. डबल क्रोशे कसा घालायचा ती पानं नव्हती, म्हणून मोबाइलवर एका अमेरिकन बाईंचं बघून घेतलं. तिसऱ्या फेरीपर्यंत ठीक होतं. चौथ्या फेरीत कड उचलली. पाचव्या फेरीत हातात चक्क वाटी होती. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा वाटी. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, “वाट्या पुरे झाल्या, आता चमचे विणा.” मी टाके मोजत होतो. तीस वर्षं हिशेबाच्या वह्या तपासलेला माणूस मी, मोजणीत चूक नव्हतीच. मागच्या शेडमध्ये यंत्रमागांची खडखड चालू असायची. ते मीटरच्या हिशेबात पुढं जात होते आणि मी चोवीस टाक्यांवर अडकलेलो.

शेजारच्या अक्का ताकाचं भांडं द्यायला आल्या. अक्का तेलुगू, विणकराच्या घरातल्या. स्वतःच्या रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल त्यांनी अजून जपून ठेवलेत.

“काय करालात भाऊ हे?”

मी चकतीचं चित्र दाखवलं. त्यांनी चित्राकडं बघितलंही नाही. माझी वाटी उलटी करून एका टाक्यावर नख ठेवलं. “हा खांब आहे. इथं मुका खांब पायजे.”

आणि सुई घेऊन दाखवलं. खांब घालताना आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फासे येतात, ते दोन-दोन करून सोडवायचे. मुक्या खांबाला आधीचा वेढाच नाही. सुई सरळ आत, दोरा बाहेर, दोन्ही फास्यांतून एकदम ओढला की संपलं. बुटका, गुपचूप टाका. नाव शोभतं त्याला.

रात्री शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. इंग्लंडमधला डबल म्हणजे अमेरिकेतला सिंगल, आपला मुका खांब. इंग्लंडमधला ट्रेबल म्हणजे अमेरिकेतला डबल, आपला खांब. नाव तेच, टाका वेगळा. पुस्तकात कुठंही ‘सिंगल क्रोशे’ दिसला तर ते अमेरिकन समजायचं. मला विचाराल तर नावांच्या फंदातच पडू नये, खुणांचा तक्ता असलेलं पुस्तक घ्यावं. त्यात खांबाची खूण इंग्रजी टी अक्षरासारखी असते आणि त्यावर एक तिरकी रेघ. रेघा जितक्या तितके वेढे. ही खूण दोन्ही देशांत सारखीच.

वाटीचा हिशेबही मग लागला. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीनं वाढली की परीघ त्या उंचीच्या 6.28 पट वाढतो. मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद, म्हणून दर फेरीला सहा टाके पुरतात. खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच, त्याला बारा लागतात. मी उंच टाके घालत होतो आणि वाढवत होतो सहाच. कड उभी राहणार नाही तर काय! हे सगळं मी कागदावर मांडून अक्कांना दाखवलं. त्या म्हणाल्या, “कड उठली तर टाके कमी, झालर पडली तर जास्त. एवढंच आहे की.”

दुसऱ्या दिवशी चकती झाली, सपाट. एका दुपारीच.

मग धीर आला आणि घरातल्या टेरी नॅपकिनला कड घालायला घेतली. त्या दुमडलेल्या काठातून क्रोशाची सुई जाता जाईना. आधी सुईदोऱ्यानं चारी बाजूंनी ब्लँकेट टाका घालून घेतला आणि त्याच्या फासात क्रोशा ओवला. पहिला कोपरा आत वळला, कारण तिथंही एकच टाका घातला होता. कोपऱ्यात एकाच जागी तीन घालावे लागतात.

प्लास्टर कापायला गेलो त्या दिवशी एक बाजू राहिली होती. रांग लांब होती, म्हणून बाकावर बसून विणत राहिलो. शेजारी मांडीवर नातू घेतलेल्या एक आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “कोपऱ्यात तीन घाला बरं का.”

“तीनच घातलेत,” मी म्हणालो.

आजींनी नॅपकिन हातातून घेतला आणि मोजून बघितले.