मराठी मजकुरासाठी थीम बसवताना

बाबांच्या गिरणगावच्या आठवणी टाइप करून झाल्या, तेव्हा साइटसाठी मी ह्यूगो हे साइट बनवायचं साधन निवडलं. ते आधीच तयार एचटीएमएल पानं बनवून ठेवतं, मागे डेटाबेस नसतो, त्यामुळे पान जुन्या फोनवरही पटकन उघडतं. बाबांचे वाचक म्हणजे लालबाग-परळची साठी ओलांडलेली मंडळी, त्यांच्यासाठी हेच महत्त्वाचं.

एक साधी, देखणी थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, घेतली. इंग्रजी नमुना मजकूर तिच्यात सुरेख दिसत होता. बाबांचा १९८२च्या संपावरचा लेख टाकला आणि सगळंच विस्कटलं. शीर्षकातल्या अक्षरांमध्ये थीमने जादा अंतर ठेवलं होतं. रोमन लिपीत ते शोभतं, पण देवनागरीत शिरोरेषाच तुटते. ओळी इतक्या जवळ होत्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकत होता. मेन्यूचा सगळा डौल कॅपिटल अक्षरांवर उभा होता आणि आपल्याकडे ती नाहीतच. तिरपा केलेला मजकूर तर ब्राउझरने नुसता वाकवून ठेवला होता.

थीमच्या मूळ फायलींना हात लावायचा नाही, हे पहिल्यापासून पाळलं. ह्यूगोची ही सोय मला फार आवडते: साइटच्या स्वतःच्या लेआउट्स फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल त्याच जागी ठेवली की थीमच्या फाइलऐवजी तीच वापरली जाते. उद्या थीमची नवी आवृत्ती आली तरी आपले बदल शाबूत राहतात.

अक्षरांमधलं जादा अंतर काढून टाकलं, ओळींची उंची अक्षराच्या पावणेदोनपट केली, मेन्यू ठळक केला. मग सगळ्या पानांचा सांगाडा असलेली फाइल उघडली. तिथे पानाची भाषा इंग्रजी अशी कायमची लिहून ठेवली होती. ती मराठी केली. एवढ्याशा बदलाला मी फार मानते. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ब्राउझर ही खूण पाहून पाकळीचा ल आणि देठाचा श निवडतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. नोटो सान्स देवनागरीत ही रूपं आहेत, म्हणून तोच घेतला. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, त्यामुळे साधा आणि ठळक असे जाडीचे दोनच प्रकार ठेवले. बाबांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "आता श आपल्यासारखा दिसतोय."

लिंकचा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना कळला. पत्त्यातलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं, आणि लिंक ओळीमागून ओळी लांबत जाते. प्रत्येक लेखाच्या वरच्या माहितीत रोमन लिपीतला छोटा पत्ता दिला, काम झालं.

सर्वात जास्त वेळ गेला तो वर्गवारीत, आणि तो जायलाच हवा होता. थीमला फक्त तारखा आणि टॅग ठाऊक. बाबांचं लेखन मात्र ठिकाणांनी बांधलेलं आहे: चिंचपोकळी, शिवडी, भायखळा, डिलाइल रोड. म्हणून सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'परिसर' नावाची नवी वर्गवारी जोडली आणि तिच्या यादीचं टेम्प्लेट स्वतः लिहिलं. सध्या बाबा करी रोडबद्दल लिहितायत. त्यांनी लेखावर ठिकाणाचं नाव लिहिलं की करी रोडचं पान आपोआप तयार होतं, मला काही करावं लागत नाही.