सुभाषनगरात सापडलेलं नाव

बर्नला राहून सहा वर्षं झाली. इथल्या जुन्या बाजारात स्विस सैन्याच्या पाठपिशव्या बऱ्याच दिसतात. गेल्या वर्षी मी एक घेतली. चौकोनी, वर केस न काढता कमावलेलं कातडं. सैनिक हिला 'आफ' म्हणायचे, म्हणजे माकड! आत शिक्का होता: खोगिरं शिवणाऱ्या कारागिराचं नाव, गाव आणि साल १९४३.

युद्धात हा देश तटस्थ होता, तरी सप्टेंबर १९३९ मध्ये चार लाखांहून जास्त माणसं सरहद्दीवर बोलावली गेली. शेतकरी, सुतार, मास्तर सगळे. इथे सैनिक आपलं सामान घरीच ठेवतो. म्हणजे ही पिशवीही कुणाच्या तरी माळ्यावर पडून असणार. कुणाच्या? तो विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

एक पट्टा तुटका होता. दिवाळीला कोल्हापूरला आले तेव्हा पिशवी सुभाषनगरात घेऊन गेले. आमच्या घरच्या चपला करणाऱ्या मामांनी ती आधी नाकाला लावली, मग उलटी केली.

"ताई, ह्यो टाका हाताचा हाय. आणि हे बघा." पट्ट्यावरच्या भोकांच्या ओळीपासून लांब एक जादा भोक होतं, कडा फाटलेली. "हे कारखान्यातलं न्हाई. खिळ्यानं पाडलंय. पट्टा लई आवळाय लागायचा त्याला. किरकोळ अंगाचा गडी असणार."

मग पाठीकडचा काळा पडलेला कातड्याचा तुकडा त्यांनी तेलाच्या बोळ्यानं पुसला आणि उन्हात तिरका धरला. अक्षरं उमटली. आडनाव, नावाचं पहिलं अक्षर. माझ्या अंगावर काटाच आला. मामांनी नवा पट्टा शिवला आणि ते जादा भोकही मापानं त्याच जागी पाडलं. मी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर आधी शिक्क्यातल्या गावी गेले. ती चूक होती. कारागीर तिथला, पण पिशवी सैन्याने कुणालाही दिलेली. मग आठवलं, स्विस माणसाच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं. आपल्याकडे कुणी भेटलं की "मूळ गाव कुठलं?" विचारतात, तस्संच. एवढंच की इथे ते सरकारदरबारी नोंदलेलं असतं. १९६२ साली कोणतं आडनाव कोणत्या गावचं होतं, याची देशभराची यादी आहे. पिशवीवरचं आडनाव एकाच गावापुढे निघालं!

तिथल्या गावकचेरीने पत्ता द्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच आहे. पण माझी चिठ्ठी पुढे पाठवायचं कबूल केलं. तीन आठवड्यांनी एका आजींचं उत्तर आलं. पिशवी त्यांच्या वडिलांची. घर विकताना माळा रिकामा केला, त्यात गेली.

मी ती घेऊन गेले. आजींनी स्वयंपाकघरातल्या बाकावर ठेवली, कातड्यावरून केसांच्या दिशेनं हात फिरवला. पट्ट्यापाशी थांबल्या.

"हा नवीन आहे."

"माझ्या गावच्या मामांनी शिवलाय."

त्यांचं बोट त्या लांबच्या भोकापाशी आलं. बराच वेळ तिथेच राहिलं. "बाबा फार लहानखुरे होते," त्या म्हणाल्या.

पिशवी तिथेच ठेवून आले. रात्री मामांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न: "किरकोळ अंगाचाच हुता न्हवं?"