बाळासाठी मऊ भाज्यांचे तुकडे, माझा अनुभव

लेकीला सहा महिने पूर्ण झाले, थोडा आधार दिला की नीट बसायला लागली, मान छान धरत होती आणि हातात येईल ते तोंडात, डॉक्टर म्हणाले आता वरचं खाणं सुरू करा. नुसतं चमच्याने भरवण्यापेक्षा तिने हाताने धरून खावं असं मला फार वाटत होतं, म्हणून गाजरापासून सुरुवात केली.

पहिल्या दिवशी गोल चकत्या केल्या, ते चुकलंच. या वयात बाळ अख्ख्या मुठीत वस्तू धरतं, मुठीच्या आत राहिलेलं त्याला खाताच येत नाही, आणि गोल तुकडा घशात अडकायची भीती वेगळीच. मग माझ्या बोटाएवढे लांब आणि जाड तुकडे कापले, म्हणजे अर्धा मुठीत नि अर्धा वर. दहा मिनिटं वाफवले, बाहेरून मऊ झाले पण मधला गाभा कडकच! तेव्हापासून प्रत्येक तुकडा चिमटीत धरून दाबते, अंगठा आणि बोटामध्ये सहज चेचला गेला तरच ताटलीत, कारण दात नसले तरी हिरड्या तेवढंच काम करतात. माझ्याकडे गाजराला पंधरा-अठरा मिनिटं लागतात. पाण्यात उकडले तर हातातच भुगा होतो, वाफवलेलेच बरे.

रताळं वाफवलं की हातातून सटकतं, ते थोडं तेल लावून ओव्हनमध्ये २०० डिग्रीला पंचवीसेक मिनिटं भाजलं, वरून जरा कोरडं होतं नि पकड मिळते. फ्लॉवरला तर दांडाच असतो धरायला. बीट दिलंत तर दुसऱ्या दिवशी लंगोट लाल दिसेल, घाबरू नका. मीठ-साखर काहीच घालत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने तुकडा खूप आत घातला, उबळ आली, चेहरा लाल, डोळ्यात पाणी, खोकायला लागली. मी बोट घालून काढायला गेले तर नवऱ्याने माझा हात धरला. डॉक्टरांनी बजावलं होतं की आवाज येतोय, खोकतंय तोवर बाळाला स्वतः बाहेर ढकलू द्या, बोटाने तुकडा आणखी आत जातो. आवाजच बंद झाला, श्वास घेता येईना, तर मात्र खरं अडकलंय, तेव्हा बाळाला पालथं धरून पाठीवर थाप कशी मारायची ते आम्ही दोघं आधीच शिकून घेतलं होतं, तुम्हीही शिकाच. तिने तो तुकडा थुंकला, दोन सेकंद बघितला आणि परत उचलला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. खाताना तिला एक मिनिटही एकटं सोडत नाही, आडवं करून तर कधीच देत नाही.

आता नऊ महिन्यांची झालीय, तुकडे बारीक केलेत. मटार उकडून एकेक दाणा बोटाने चपटा करून ठेवते, आणि ती तो चिमटीत उचलते.