बाहेर पडणं जमलं, परत शिरणं नाही

12 मार्च 2020 ला मी माझ्या इंडेक्स फंडाची सगळी युनिट्स विकली. 840 होती. फंड अमेरिकेच्या एस अँड पी 500 वरचा, म्हणजे तिथल्या पाचशेएक मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणारा. त्या एका दिवसात निर्देशांक साडेनऊ टक्के पडला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

पुढचे अकरा दिवस मी स्वतःवर भलताच खूश होतो. 23 तारखेपर्यंत बाजार आणखी दहाएक टक्के खाली गेला होता. तेव्हाच घ्यायचं ना, असं आता कुणीही म्हणेल. पण मी वहीत आकडा लिहून ठेवला होता: अजून 10 टक्के पडू दे, मग घेऊ.

24 तारखेला बाजार नऊ टक्क्यांहून जास्त उसळला. म्हटलं, फसवी उसळी आहे. तरी आकडा खोडला आणि थोडा वर लिहिला. एप्रिलमध्ये पुन्हा खोडला. मग मे, जून. दर वेळी बाजार माझ्या आकड्याच्या वरच. त्या पानावर सहा खाडाखोडी आहेत. 18 ऑगस्टला निर्देशांकाने फेब्रुवारीचा उच्चांक मोडला, तेव्हा वैतागून सगळं एकदम परत घेतलं. मधला कर जाऊन हातात आली जेमतेम 600 युनिट्स.

विकलं तेव्हाची वेळ तशी वाईट नव्हती हो. पण या खेळात दोनदा बरोबर यावं लागतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आणि परत घ्यायची वेळ येते तेव्हा बातम्या विकतानापेक्षा वाईट असतात.

मी का घाबरलो, हे बऱ्याच उशिरा कळलं. दोन वर्षांत लागणारे पैसेही त्याच फंडात होते. आता ते ठेवीत, वेगळे. उरलेल्यातला फंडाचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जातो.

'थांबलं की मिळतंच' हे मात्र मला पटत नाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाला 1989 चा उच्चांक ओलांडायला 2024 उजाडलं. (मधला लाभांश धरला तर चित्र जरा बरं दिसतं, पण जराच.) म्हणून निम्मी रक्कम जगभरातल्या कंपन्यांच्या फंडात वळवली.

2022 मध्ये एस अँड पी सुमारे 25 टक्के उतरला. सवयीने वही काढली, पेनाचं टोपणही उघडलं. समोर नेमकं तेच पान आलं. वही मिटून ठेवली. दोन दिवसांनी हप्ता गेला, धाकधूक होतीच.