चौथीची जागा

24 जून, रात्री

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर आज सूचना आली की, शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपली असून नवी समिती निवडण्यासाठी 5 जुलैला सकाळी अकरा वाजता पालकसभा होणार आहे. जेवणे उरकल्यावर मी घरात सांगून टाकले की, चौथीच्या पालकांमधून मी उभी राहणार आहे. सासूबाई म्हणाल्या, "बिनविरोध हुईत असंल तर ऱ्हा, पर गावात कुणाशी वाकडं नको." आजेसासऱ्यांना दोनदा मोठ्याने सांगावे लागले, मग ते समाधानाने म्हणाले, "म्हंजे तू बोर्डावर जाणार." ते शिकत होते तेव्हा ती स्कूल बोर्डाची शाळा होती. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, शाळेच्या भिंतीवरचे नाव बदलले, पण त्यांच्या तोंडी अजून बोर्डच आहे.

हे गेल्या समितीत सदस्य होते, म्हणून मला ती वही ठाऊक आहे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी सातवीतला एक मुलगा सायकलवरून शाळेचे प्रोसिडिंग, म्हणजे समितीच्या सभांच्या इतिवृत्ताची वही, घेऊन आला होता. हे नुकतेच रानातून आले होते, हात ओले होते. त्यांनी टॉवेलला हात पुसून उंबऱ्यातच सही केली. मुलगा वही मिटायच्या आत मी ती दिव्याखाली धरली. वर तारीख होती, खाली "विषय क्रमांक 1" असे लिहून रेघ मारलेली होती आणि त्यानंतरचे पान अगदी तळापर्यंत कोरे होते. तळाशी आधीच्या सात सह्या होत्या, यांची आठवी झाली. त्या तारखेला सभा झालेली नव्हती, कारण त्या दिवशी आम्ही दोघेही गारगोटीला लग्नाला गेलो होतो. मी विचारले तेव्हा हे म्हणाले की सगळेच करतात. ते खोटे बोलत नव्हते, आणि म्हणूनच त्या रात्री मला झोप लागली नाही.

27 जून

उभे राहण्याचे खरे कारण सहीच्याही आधीचे आहे, ते आज लिहून ठेवते. माझी मुलगी दहाला भरलेली पाण्याची बाटली घेऊन शाळेत जाते आणि पाचला ती तशीच भरलेली परत आणते. सुरुवातीला मी रागावले, मग बाटली बदलून दिली, मग पाण्यात लिंबू पिळून दिले. अखेर एके दिवशी डोके विंचरताना तिने सांगितले की, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, कारण आत नळाला पाणीच येत नाही. म्हणून शाळेत पाणी प्यायचेच नाही, असे त्यांनी आपापसांत ठरवले आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलींनी तहान मारण्याचा नियम करावा, तो सगळ्यांनी पाळावा आणि मोठ्या माणसांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नसावा, हे माझ्या मनातून जात नाही.

मी शाळेत जाऊन विचारले होते. हा विषय समितीच्या सभेत झाला आहे, असे उत्तर मिळाले. ते कोरे पान मी त्यानंतर पंधरा दिवसांनी पाहिले.

मुख्याध्यापकांविषयी माझ्या मनात अढी नाही. सात वर्गांना चार शिक्षक आहेत. त्यात यू-डायस या सरकारी नोंदीत शाळेची माहिती भरायची, पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर करायची, आधार कार्डावरची नावे जुळवायची आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. अशा माणसाला दर महिन्याला बारा जणांना गोळा करण्यापेक्षा वही घरोघर फिरवणे सोपे वाटले तर मी समजू शकते. परंतु कायद्याने ही समिती शाळेवर लक्ष ठेवण्यासाठी केलेली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील एकविसावे कलम मी मुलीच्या जुन्या वहीत उतरवून घेतले आहे: समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचे कामकाज पाहणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि आलेले अनुदान कसे खर्च होते यावर देखरेख ठेवणे ही समितीची कामे आहेत. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी हे त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. मागण्यासारखे त्यात नवे काहीच नाही.

30 जून

दिवसभर पाऊस. चौथीत सतरा मुले आहेत. माझे घर सोडून सोळा घरे. गावातली चौदा घरे तीन संध्याकाळी मिळून झाली. बहुतेक ठिकाणी चहा झाला आणि तेच वाक्य ऐकायला मिळाले, "तुमच्या मालकांनाच ऱ्हाऊ दे की परत." मी प्रत्येक घरी बाटलीची गोष्ट सांगितली. चार घरांतल्या मुलींना त्यांच्या आयांनी माझ्यासमोर विचारले आणि चौघींनीही मान खाली घालून होकार दिला. त्यानंतर त्या घरांत मालकांचा विषय निघाला नाही.

आजच कळले की वरच्या आळीतल्या वहिनींचेही नाव याच जागेसाठी सुचवले जाणार आहे. त्यांचे दीर ग्रामपंचायतीत सदस्य आहेत. वहिनी आणि मी सहा वर्षे एकाच बचत गटात आहोत, भाताच्या लावणीला एकमेकींच्या रानात पैऱ्याने जातो. त्यांना स्वतःला उभे राहायचे होते असे मला वाटत नाही.

1 जुलै

राहिलेली दोन घरे धनगरवाड्यावरची. चढ चार किलोमीटरचा आहे, ओढ्याला पाणी होते, म्हणून हे बरोबर आले. ज्या वाटेने मी तीनदा घसरले, त्याच वाटेने ती मुले पावसाळाभर रोज शाळेत येतात.

वाड्यावर मोबाइलला रेंज नाही. सभेची सूचना गटावर टाकली की ती सर्वांना पोहोचली असे गावात धरले जाते. इथे मात्र सभा आहे हेच कुणाला माहीत नव्हते. या वर्षीच नव्हे, मागच्या खेपेलाही नव्हते. मुलाचे वडील म्हणाले, "आमाला कुणी बोलावलंच न्हाई, ताई. आमचं मत असतंय व्हय?" मी वहीतले वाक्य त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले आणि मुलाला हाक मारून तिसऱ्यांदा त्याच्याकडून वाचून घेतले. मुलगा न अडखळता वाचत होता आणि बापाची नजर वहीवर नव्हती, मुलाच्या तोंडाकडे होती.

आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ज्या पोराने आपण होऊन रोज आठ किलोमीटर चालायचे ठरवले आहे, त्याच्या बापापर्यंत सभेची एक चिठ्ठी आम्हाला पोहोचवता आलेली नाही.

5 जुलै

सभा झाली.

व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या, बाहेर पाऊस कोसळत होता. परिपाठाच्या जागी टेबल मांडून मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केले आणि मग वर्षानुवर्षांच्या रीतीप्रमाणे खिशातून यादी काढून ग्रामपंचायत सदस्य नावे वाचू लागले. बारा जणांच्या समितीत नऊ पालक. पहिलीपासून नावे येत होती आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. चौथीला वहिनींचे नाव आले, त्या वेळी मी उभी राहिले आणि या जागेसाठी माझेही नाव आहे, असे सांगितले. माझा आवाज कापत होता. कुणी तरी म्हणाले की गावात भांडणे नकोत, दोन चिठ्ठ्या टाकून देवावर सोडा. मी म्हणाले की देवाला यात घालू नका, चौथीचे पालक बसलेले आहेत, त्यांनाच विचारा.

क्षणभर कुणीच बोलले नाही. मग मुख्याध्यापकांनी स्वतःच वहीचे पान फाडून सारख्या मापाचे तुकडे करायला घेतले. हे त्यांनी केले नसते तर माझे नाव तिथेच विरून गेले असते, हे मी विसरणार नाही. चौथीचे पंधरा पालक हजर होते, एका मुलामागे एक मत. धनगरवाड्यावरून दोघे आले होते. इरली भिंतीला टेकवून ते अगदी मागे, दाराशी बसले होते, आणि त्यांना पुढे बोलवायला मीच उठले. सातवीतल्या मुलीने चिठ्ठ्या उघडून नावे वाचली. मला आठ मते पडली, वहिनींना सहा. एक चिठ्ठी कोरी निघाली.

अध्यक्षपद दुसरीतल्या मुलाच्या वडिलांकडे गेले. ते यादी वाचणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांच्या गटातले आहेत, पण मुलाला शाळेत सोडायला रोज स्वतः येतात. त्यांच्याबरोबर काम करता येईल असे मला वाटते.

6 जुलै

सकाळी डेअरीत वहिनी भेटल्या. दुधाचे माप होईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. त्यांनी किटली उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. लावणी तोंडावर आली आहे. संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे; पैऱ्यासाठी नाही, तर मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय त्यांची मुलगीही भोगते आहे आणि सभेला पालक म्हणून येऊन बसायला त्यांना कुणाची आडकाठी नाही, हे सांगायला.

दिवसभर त्या कोऱ्या चिठ्ठीचा विचार मनात आहे. विरोधातली सहा मते मला समजतात. त्यांत नाते आहे, गट आहे, कदाचित माझ्यापेक्षा वहिनी बऱ्या हे मतही आहे. कोरा कागद घडी घालून टाकणाऱ्याला मात्र काय वाटले असेल? कुणाला दुखवायचे नव्हते, की लिहिता येत नव्हते आणि ते सांगायची लाज वाटली? दुसरे कारण खरे असेल तर चूक आमची आहे. चिठ्ठीवर नावाऐवजी खुणा ठेवता आल्या असत्या आणि ते मला त्या वेळी सुचायला हवे होते.

9 जुलै, रात्री

उद्या पहिली सभा. आज गावातल्या प्लंबरला शाळेत नेऊन दाखवले. टाकी शाबूत आहे. टाकीकडून स्वच्छतागृहाकडे जाणारा पाइप भिंतीलगत फुटला आहे, दोन नळ आणि एक व्हॉल्व्ह बदलायचा आहे. त्याने कागदावर हिशेब मांडून दिला, मजुरीसकट 3,400 रुपये. मी तो कागद दोनदा वाचला. शाळेचा पट 118 आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे शंभर ते अडीचशे पटाच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, म्हणजे 5,000. अनुदान उशिरा येते, कधी पूर्ण येत नाही, हे मला मान्य आहे. पण 3,400 रुपयांच्या पाइपापायी एवढ्या मुली दिवसभर तहानलेल्या राहिल्या, आणि एखादी सभा खरोखरच झाली असती तर हा कागद तेव्हाच टेबलावर आला असता.

मला उद्या चारच गोष्टी मांडायच्या आहेत. पाइपाचे काम याच आठवड्यात व्हावे. मागच्या वर्षीच्या अनुदानाचा जमाखर्च सभेत वाचून दाखवावा. इतिवृत्त सभेतच लिहून, मोठ्याने वाचून मग सह्या घ्याव्यात आणि वही शाळेबाहेर जाऊ नये. सभेची सूचना गटावर टाकावीच, पण धनगरवाड्यासाठी ती कागदावर लिहून मुलांच्या हाती द्यावी. मी बोलायला उभी राहिले की शब्द अडतात, म्हणून चारही वाक्ये प्लंबरच्या कागदामागे लिहून ठेवली आहेत.

सभा अकराला आहे. सकाळची धार सासूबाई काढतो म्हणाल्या, ती बिनविरोधची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. साडेदहाला निघाले तर पावसातही वेळेत पोहोचेन.