तुम्ही विचारलंत म्हणून : रोज घरी काय बोलता?

घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो. मला विचारणारे बहुतेक जण नुकतेच घराबाहेर पडलेले असतात, किंवा ज्यांची मुलं दूर जायला निघालीत असे आईवडील. "रोज फोन होतो का? आणि रोज बोलायला असतं तरी काय?"

रोज होत नाही. पण होतो तेव्हा खुशालीवर मी फार वेळ घालवत नाही. "कसे आहात?" याला घरून एकच उत्तर येतं, "आम्ही मजेत, तू तुझी काळजी घे." गुडघा ठणकत असला तरी हेच, कारण लांब असलेल्या लेकीच्या जिवाला घोर नको. मीही इकडून तेच करते. असं दोन्हीकडून चांगलंच सांगत राहिलं की काही महिन्यांनी खरंच बोलायला काही उरत नाही. म्हणून मी कामं सांगते. भाडेकरार आला की सही करण्याआधी बाबांना वाचून दाखवते; नोकरीभर त्यांनी कागदपत्रंच हाताळली, एखादं कलम त्यांना बरोबर खटकतं. कुंडीतल्या झाडाने मान टाकली की आईला फोटो पाठवते. मग दोन दिवसांनी तिचाच फोन येतो, "पाणी कमी केलंस का?" त्या झाडाच्या निमित्ताने तिचा आठवडा कसा गेला ते सगळं कळतं, गुडघ्यासकट. मुलांना आपला अजून उपयोग आहे हे आईवडिलांना जाणवणं मला रोजच्या फोनपेक्षा मोलाचं वाटतं.

बाबांच्या बाबतीत मात्र वेगळीच अडचण होती. ते फोनवर नुसतं "हो, हो" म्हणायचे आणि लगेच आईकडे द्यायचे. त्यांना बोलायचा कंटाळा आहे असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. खरं कारण कानात होतं. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. त्यात जुन्या पद्धतीचा साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवतो, म्हणजे या व्यंजनांचा बराचसा भाग तारेतच गळतो. बाबांना आवाज ऐकू येत होता, शब्द लागत नव्हते. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये सहसा यापेक्षा बराच मोठा पट्टा येतो, आणि व्हिडिओत ओठ दिसतात. तेव्हापासून आम्ही व्हिडिओ कॉलच करतो, त्यांच्या कानाला हेडफोन, माझ्या तोंडावर पुरेसा उजेड. आता आईला फोन मागून घ्यावा लागतो. तुमच्या घरी कुणी असं फोन टाळत असेल तर ते रुसलेत असं समजण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक. दोघं एकदम बोलतात, मग दोघंही गप्प होतात, असं लांबच्या कॉलवर नेहमी होतं. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की संभाषणाची लय बिघडू शकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हाच आकडा आहे. समोरच्याचं बोलणं संपल्यावर क्षणभर थांबायचं, एवढाच उपाय. म्हातारी माणसं मध्येच तोडलं गेलं की वाक्य सोडून देतात, म्हणून हे पाळावं.

लहान भाचरांना स्क्रीन दाखवावी का, हेही विचारतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको असं सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलला त्यातून वगळलं होतं. शेजारी एखादं मोठं माणूस बसून "बघ, मावशी काय करतेय" असं सांगत असेल, तर खुशाल करा.

आता जे कुणी विचारत नाही ते. माझी ताई आईबाबांच्या जवळ राहते. दवाखान्याच्या रांगेत ती उभी राहते, रात्रीबेरात्री तीच धावते. लांबून फोन करणारी मी लाडकी ठरते, कारण मी कधीतरीच येते आणि गोडच बोलते. "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा" असं मी इथून सहज म्हणू शकते, पण ते निभावायचं तिला असतं. म्हणून उपचारांबद्दल आईबाबांशी काही बोलण्याआधी मी तिला विचारते. बिलं भरणं, तपासणीची वेळ ऑनलाइन घेणं, विम्याचे अर्ज, जुने रिपोर्ट तारखेवार लावून ठेवणं, एवढं लांबूनही करता येतं, ते माझ्याकडे आहे. तिच्याशी माझा फोन वेगळा असतो, आणि त्यात आधी तिची नोकरी, तिची झोप, तिची मुलं. आईबाबांचा विषय नंतर. तुमच्या घरीही असं कुणी जवळ राहत असेल, तर पुढचा फोन आधी त्यांना करा.