रुंबकच्या उतारावर चार दिवस

लेहमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेची सवय होईपर्यंत दोन दिवस निव्वळ आराम केल्यानंतर फेब्रुवारीतील एका सकाळी आम्ही हिमबिबट्या पाहायला झिंगचेनहून गोठलेल्या ओढ्याच्या काठाने हेमिस राष्ट्रीय उद्यानात पायी शिरलो. १९८१ साली स्थापन झालेल्या या उद्यानाच्या हद्दीत गावेही आहेत. त्यांपैकी रुंबक या मोजक्या घरांच्या गावात आमचा मुक्काम होता.

हिमबिबट्याला लडाखीत ‘शान’ म्हणतात. २०२४ साली जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. हा आकडा ऐकून माझी आशा उगाच वाढली होती. पहिले तीन दिवस मी दुर्बिणीतून प्रत्येक खडकात बिबट्या शोधत राहिलो आणि प्रत्येक वेळी तो खडकच निघाला. आमचा वाटाड्या मात्र बिबट्याकडे नव्हे, भरलांच्या, म्हणजे बिबट्याचे भक्ष्य असलेल्या डोंगरी रानमेंढ्यांच्या, कळपाकडे पाहत असे. चरणाऱ्या भरलांनी एकाएकी माना वर करून एकाच दिशेला रोखून पाहिले, की त्या दिशेला काहीतरी आहे, इतका साधा त्याचा हिशेब होता.

ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथील आमा-लेंनी, म्हणजे घरातल्या आईंनी, बुखारी या खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळ बसून एका रात्रीची हकिकत सांगितली. शान गोठ्यात उतरला आणि सकाळपर्यंत नऊ मेंढ्या मारल्या गेल्या. कोंडलेली जनावरे सैरावैरा धावू लागली, की तो एकीवर थांबत नाही. पूर्वी अशा बिबट्याला गावकरी सूडाने मारत. आता गोठ्यांवर तारेची जाळी आली आहे आणि ज्याच्यामुळे नुकसान होते, त्यालाच पाहायला येणारे पाहुणे घरात चार पैसे आणतात. तरीही त्यांच्या बोलण्यात बिबट्याविषयी कौतुक नव्हते, आणि ते असावे अशी अपेक्षा करणारे आपण कोण, असे मला वाटले.

चौथ्या दिवशी दुपारी भरलांनी माना वर केल्या. समोरच्या कड्याखाली, जवळजवळ एक किलोमीटरवर, राखाडी उताराचाच एक तुकडा सरकला आणि मागोमाग त्याची लांबलचक, जाड शेपटी दिसली. वीस मिनिटे तो बसून होता; मग सावकाश उठून धार ओलांडून दिसेनासा झाला.

संध्याकाळी मी उत्साहाने ही बातमी सांगितली, तेव्हा आमा-लेंनी एवढेच विचारले, ‘कोणत्या बाजूला उतरला?’ उत्तर ऐकताच त्या कंदील घेऊन गोठ्याची जाळी पाहायला गेल्या.